नऊ डाग

डॉक्टर : आपोआप आलेलं दुखणं असं रिंगण धरून बसत नाही, लोटनभाऊ. तुमच्या बायकोच्या पायावर मधे एक मोठी जखम होती, आणि तिच्याभोवती दोन-दोन बोटांवर नऊ. हे मोजून केलेलं काम आहे. कुणी केलं?

लोटन : तुम्ही आधी तिले देखा ना, साहेब. कालपाईन ताप शे. पोट टम फुगी गयं. गाडीमा बसाले येत नव्हतं, दोन सीटवर आडवी करीसन आनी धरणगावथीन.

डॉक्टर : बघितलं आताच. आत खाटेवर निजवलंय तिला. कंपाउंडर आज रजेवर आहे, बाहेरचं दार मी लावून घेतलंय. आपण दोघंच आहोत. सांगा, मी रागावणार नाही.

लोटन : रागावशात. धुळ्याना डॉक्टर बी असाच बोलना व्हता, रागावनार नही म्हने. मंग पाय दखा आन् मांगे सरकना. महारोग शे, उंबराना आत आनू नका, बोलना. गावले हाई समजनं. दोन महिना कोनी तिना हातनं पानी पियं नही.

डॉक्टर : महारोग नाही हा. ते मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

लोटन : तेवढं तुमनं उपकार, कासोदेकर साहेब. तवयपाईन आम्ही तिना हातनी भाकर परत खावाले लागनूत.

डॉक्टर : तिच्या हातची भाकर तुम्हीसुद्धा सोडली होती?

लोटन : माय शे ना घरमा. माय बोलस ते करनं पडस.

डॉक्टर : बरं. तापल्या सळईचे डाग दिलेत ना हे?

लोटन : …दिधात.

डॉक्टर : कोण देतं तुमच्याकडे डाग?

लोटन : कोन देस म्हंजे? मीच देस! धरणगावपाईन पारोळापावत कोनले बी इचारा, लोटनना हात कसा शे. बैलना खांदा सुजना, मानूसना गुडघा धरना, बाईनी पाठ धरनी, रात-बेरात बैलगाडी दारमा उभी ऱ्हास. मना आजाना हात मना बापले उना, बापना माले उना. सळई बी तीच शे. एक दमडी लेत नही कोनापाईन. लिधी तर गुण जास.

डॉक्टर : आणि तो गुण बायकोच्या पायावर लावलात.

लोटन : मंग कोनावर लावू? घरमा वैद अन् आपली बाई पाय घसाडत फिरी? दिवाळीना टायमाले कपाशी येचता-येचता सुकेल बोंडनं टोक तिना पायनी नयीले लागनं. इतलंसं, राईना दाना. आठ दिनमा रुपया इतलं व्हयनं. कडा निय्या-जांभया, जांभूयना रंगना. आते तुम्हीच सांगा, शेतमा पानी फुटनं तर आपन काय करतस? बांध घालतस. मी बी बांध घाला.

डॉक्टर : एकाच वेळी नऊ?

लोटन : नही, नही. एक दिधा. डाग कसा बसस, साहेब, पहिला दिन फोड येस, मंग पानी निंघस, आठ दिनमा वरथून खपली. तिना नही बसना. तिसरा दिन काया पडना, पाचवा दिन फुटना. मी बोलनू, जागा चुकनी. शेजारे दुसरा दिधा. तो बी फुटना. मंग तिसरा. असं करता-करता शिमगापावत नऊ.

डॉक्टर : तिसऱ्यालाही थांबावंसं वाटलं नाही तुम्हाला?

लोटन : थांबनू ना. थांबनू आन् इचार कया. सळई खोटी पडनी का? म्हनीसन मी मना मांडीले लाई. हाई देखा. हाई. देखा ना! आठ दिनमा बसना, चट्टा ऱ्हायना फक्त. म्हंजे सळई खरी शे, हात खरा शे. मंग तिनाच अंगवर काब्र पिकस?

डॉक्टर : तुमच्या बापाने काही सांगितलं होतं? डाग पिकतो तो कशाने?

लोटन : ते सांगेल शे. डाग देवाना पहिले मानूसले तीन बखत इचारनं पडस. काही दपाडेल नही ना? काही दपाडेल नही ना?

डॉक्टर : लपवलेलं.

लोटन : हा. मनमा काही लपाडेल व्हयनं, वैदले खरं सांगं नही, तर डाग पिकस. आगले खोटं चालत नही. मना बापनी एक सावकारले डाग दिधा व्हता, तो खोटं बोलना, त्याना पाय…

डॉक्टर : सावकाराचं राहू द्या. तिचं काय म्हणता?

लोटन : तिनं काय! नऊ डाग दिधात, साहेब, तोंडमातून हू नही निंघनं. ना पाय आखडा, ना डोयाले पानी. आम्ही बैलले देतस तर चार मानसे धरनी पडतस. हाई भितडाले पाठ लाईसन बसस आन् वर आढाकडे देखस. कठ्ठर बाई शे.

डॉक्टर : लोटनभाऊ, बसा जरा खाली. मागल्या पंधरवड्यात तुम्ही तिला पहिल्यांदा घेऊन आलात तेव्हा हे रिंगण मलाही दिसलं होतं. मी विचारलं नाही. बाहेर चाळीस माणसं बसली होती. मला वाटलं, मांस सडलंय, खरवडून काढू, खालून ताजं येईल. शिकलोच तसं आहे. भूल दिली, सुरी घेतली, स्वच्छ केलं. स्वतःवर खूश होतो त्या दिवशी.

लोटन : तुम्ही मेहनत भलती लिधी. मी दखं ना.

डॉक्टर : मधली जखम तळहाताएवढी होती. आज गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आहे. मागल्या आठवड्यात पट्टी बदलताना ती पसरलेली दिसली तेव्हाच मी घाबरलो. मुंबईला माझे गुरुजी आहेत, त्यांना सगळं लिहून पाठवलं. काल उत्तर आलं. पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला, 'सुरी लावली नाहीस ना?' दुसरा, 'पोटाबद्दल विचारलंस का?'

लोटन : पोट? दुखी ऱ्हायना पाय, आन् इचारतस पोटनं?

डॉक्टर : मीही हेच म्हणालो असतो. तिला शौचाला कसं होतं?

लोटन : आते ते मी कसं सांगू, साहेब! बायका अंधारामा जातस, अंधारामा येतस. गडीमानूसनी तिकडे मान बी वळाडू नही.

डॉक्टर : मग तिलाच विचारतो. तुम्ही असं करा, स्टेशनाकडे सोडावॉटरवाला आहे ना, त्याच्याकडून बर्फ आणा. गोणपाटात गुंडाळून, भुशासकट. माझं नाव सांगा.

लोटन : बर्फ कसाले?

डॉक्टर : तापाला. जा. आणि धावू नका, मला थोडा वेळ हवाय.

शेवंता : गयात का?

डॉक्टर : गेले. तुम्ही जाग्या होतात?

शेवंता : इतला मोठा आवाजवर कोन झोपी? मांडीवरला चट्टा दखाडा का तुमले?

डॉक्टर : दाखवला.

शेवंता : बठ्ठास्ले दखाडतस. येता-येता गाडीमा तिकिट तपासनारले बी दखाडा.

डॉक्टर : शेवंताबाई, वीस-पंचवीस मिनिटं आहेत आपल्याला. मी विचारेन त्याचं खरं सांगायचं. पाय दुखतो का?

शेवंता : नही.

डॉक्टर : मी पट्टीला हात लावला की तुमची बोटं खाटेची कड धरतात. आणि दुखत नाही?

शेवंता : दुखस म्हनं तर काय कमी व्हस का, डाक्टरसाहेब? उगा समोरनं मानूस कावरंबावरं व्हस.

डॉक्टर : शौचाला रक्त पडतं तुम्हाला?

शेवंता : …कोनी सांगं?

डॉक्टर : मुंबईच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरने. तुम्हाला न बघता, नुसत्या पत्रावरून.

शेवंता : देवमानूस दिसस. नहीतर भलता चहाडखोर.

डॉक्टर : कधीपासून पडतंय?

शेवंता : तीन वरीस व्हयनात. पहिले शेम पडे, आव. मंग रगत. मंग नुसतं रगतच.

डॉक्टर : दिवसातून किती वेळा?

शेवंता : कपाशी उभी शे तवपावत आठ-दहा बखत. कपाशी उपटी लिधी का मंग दोन.

डॉक्टर : ते कसं काय? पोटाला कपाशीचं काय कळतं?

शेवंता : पोटले नही समजत, माले समजस ना. झाडं गयात का रान मोकयं. आडोसा कोठे ऱ्हास? एक बखत दिन उगाना पहिले, एक बखत दिन बुडावर. मधमा जावानी सोय नही. म्हनीसन खावानंच नही. पोटमा काही गयंच नही तर निंघी काय?

डॉक्टर : म्हणजे उन्हाळाभर उपाशी.

शेवंता : उपास धरेल शे म्हनीसन सांगे. सोमवार, मंगयवार, गुरुवार, शनवार. सासू खूश व्हती. बठ्ठा गल्लीमा सांगे, आमनी सून भलती देवभोयी व्हई गयी.

डॉक्टर : तीन वर्षं. घरात वैद्य असून. लोटनभाऊंना का नाही सांगितलंत?

शेवंता : म्हनीसनच नही सांगं. घरमा वैद शे म्हनीसन.

डॉक्टर : मला समजलं नाही.

शेवंता : तुमले उखर्डू मालूम नही.

डॉक्टर : ते तुम्हाला 'उखर्डूनी माय' म्हणतात. मुलगा ना? घरी असतो?

शेवंता : आमना तीन पोऱ्या पायनामाच गयात. चौथा व्हयना स्वराज उनं त्याना चौथा साले. सासूनी त्याले उकिरडावर लोयाडं, वरथून केर टाका, नाव ठेवं उखर्डू. मरन दारमा उनं तर त्याले वाटी, हाऊ केरकचरा शे, हाऊ कसाले उचलू. नऊ महिना बरा व्हता. दात बी उनात दोन. मंग पोट फुगनं.

डॉक्टर : डबा झाला त्याला.

शेवंता : हा. बठ्ठा गावना पोऱ्यास्ले देतस तसाच डाग दिधा त्यास्नी. बेंबीना वर, चार ठिकाने. मीच मांडीवर धरेल व्हतं. तिसरा दिन गया.

डॉक्टर : त्या डागांनीच गेला असेल असं नाही, बाई. ताप असतो, आतडं—

शेवंता : माले नका सांगा. माले मालूम शे. त्यास्ले सांगाले पायजे व्हतं कोनीतरी. वरीसभर रातले उठेत आन् हात धवेत. रांजन खाली व्हई जाये. त्याना नंतर पोटवर कोनलेच डाग नही दिधा त्यास्नी. देवयमा जाईसन देवनी आन लिधी. पायले देतस, खांदाले देतस, पाठले देतस. पोट म्हनं का सळई गुंडायी ठेवतस.

डॉक्टर : आणि तुमचं दुखणं पोटात.

शेवंता : मी पोट उघडं करती, तर त्यास्ले मनं पोट दिसतं का? त्यास्ले तेच दिसतं, चार डागनं. म्हनीसन नही बोलनी. रगत शे, जास तर जावू दे. बाईमानूसनं रगत जासच.

डॉक्टर : शेवंताबाई, ऐका. तुमचा रोग पायाचा नाही. तो आतड्यात आहे. चूल आत पेटलीय आणि धूर पायातून निघतोय, असं समजा. फार थोड्या लोकांना होतं हे. आणि ज्यांना होतं त्यांच्या अंगाची एक विचित्र खोड असते. जरा कुठं लागलं, काटा, सुई, ओरखडा, की अंग ते भरून काढायचं सोडून स्वतःलाच खायला लागतं. कपाशीच्या बोंडाचं टोक लागलं तुम्हाला. तेवढं पुरलं.

शेवंता : पहिली जखम ती व्हयनी. आन् बाकीन्या नऊ?

डॉक्टर : डागांनी झाल्या.

शेवंता : आन् आते हाई गुडघापाईन घोटापावत?

डॉक्टर : माझ्या सुरीनं.

शेवंता : तुमना डोयास्ले पानी काब्र येस? डागनं माले मालूम व्हतं.

डॉक्टर : मालूम होतं? कधीपासून?

शेवंता : दुसरापाईन. जठे सळई लागस तठेच फुटस, मी काय आंधयी शे?

डॉक्टर : मग तिसऱ्याला पाय पुढे का केलात? चौथ्याला? नवव्याला?

शेवंता : डाग दिधा का त्या रातले ते झोपतस.

डॉक्टर : कोण?

शेवंता : ते. जखम वाढाले लागनी तवयपाईन रातभर खाटवर बशी ऱ्हातस, दिवा लाईसन पायकडे देखतस. डाग दिधा का वाटस त्यास्ले, काहीतरी कयं. मंग झोपतस. घोरतस बी. नऊ डाग, नऊ रात. तेवढंच मी देवू शकनी.

डॉक्टर : …कालपासून शौचाला झालं?

शेवंता : नही. परवदिनपाईन बंद. रगत बी नही. माले वाटनं बरं व्हई ऱ्हायनं, पन पोट नगारासारखं व्हई गयं.

डॉक्टर : ते बरं लक्षण नाही.

शेवंता : तुमनं तोंड देखीसनच समजनं.

डॉक्टर : नवं औषध निघालंय, परदेशी. गोळ्या असतात. आग विझवतात त्या, आतली आणि बाहेरची. मी काल रात्रीच तार केली मुंबईला. शुक्रवारच्या पार्सलने येतील.

शेवंता : आज काय शे?

डॉक्टर : मंगळवार.

शेवंता : दवाखानामा पोट फाडतस म्हने. तसं काही?

डॉक्टर : फाडायचं तर सुरी लावावी लागेल. आणि तुमची नाडी आता सुरी सोसणार नाही. मुंबईची गाडी रात्री आहे, पण रात्रभराचा प्रवास… पंधरा दिवसांपूर्वी मी सुरी न घेता हे विचारलं असतं, तर…

शेवंता : इचारं असतं तरी मी काय सांगी देती का? उगा मनले लाई लेवू नका. शुक्करवारपावत मी नही. असंच ना?

डॉक्टर : मी प्रयत्न करणार आहे.

शेवंता : करा. पन एक वचन द्या माले. डागमुये व्हयनं, हाई त्यास्ले सांगू नका.

डॉक्टर : खोटं बोलू त्यांच्याशी?

शेवंता : खोटं नका बोला. गप बसा. एक उखर्डूनंच ओझं त्यास्ले उचलात नही, वरथून हाई कशं उचलतीन? मी मरसू ते मरसू, पन नऊ बखत आपला हातनी मारं, असं त्यास्ले वाटाले नको. गावमा कोनी सळई मांगाले उनं तर ते घरमातून बाहेर निंघतस, चार मानसंमा बसतस. ते बी गयं तर भिताडकडे देखत बसतीन.

डॉक्टर : गप बसेन. जमेल तोवर.

शेवंता : जमाडा. पायरीवर चप्पल वाजनी, देखा. इतला लवकर उनात. धावू नका सांगं व्हतं ना तुम्ही?

लोटन : हा, बर्फ ल्या, साहेब. अर्धा वाटमाच पघयी गया. सोडावाला बोलना, एकच लादी शे, कासोदेकर साहेबनं नाव सांगं म्हनीसन दिधी. काय बोलनी ही? काही समजनं?

डॉक्टर : समजलं. पोटात सूज आहे, जुनी. त्यावर औषध मागवलंय मुंबईहून. शुक्रवारी येईल.

लोटन : शुक्करवारले? आन् तवपावत?

डॉक्टर : तोवर इथेच राहू द्या. मी आहे. सलाईन देता येत नाही, सुई टोचायची नाहीये. तोंडानं पाणी, बर्फ. बघू.

लोटन : बघू म्हंजे? साहेब, मी चाळीस वरीसपाईन ढोरे-मानसे देखी ऱ्हायनू. पोट असं ताननं का मंग चार दिन निंघत नहीत. माले समजस ते. हाई पोट मी दखेल शे. याना पहिले दखेल शे.

शेवंता : आहो, पानी द्या माले जरासं.

लोटन : देस. थांब. साहेब, बाहेर चहावालानी शेगडी पेटेल शे ना?

डॉक्टर : कशाला?

(लोटनने बर्फाचं ओलं गोणपाट बाजूला सारलं आणि बंडीच्या आतून फडक्यात गुंडाळलेली वीतभर सळई काढली. धरायचं टोक इतकं गुळगुळीत झालं होतं की तीन पिढ्यांचे हात त्यावर दिसावेत. ती हातात धरून तो बायकोच्या पोटाकडे बघत उभा राहिला.)

लोटन : मी आन लियेल व्हती. पोटले हात लावानार नही म्हनीसन. आज मोडस. देवनी वर इचारं तर मी जवाब देसू. तुमनाजोडे शुक्करवार शे, साहेब. मनाजोडे हाई शे.

शेवंता : नका. आहो, नका.

लोटन : चारच देस. बेंबीना वर. हलकासा.

डॉक्टर : एकही डाग नाही.

लोटन : काब्र?

डॉक्टर : नाही म्हणतो ना मी.

लोटन : मरू देऊ तिले? तुमनं औषध येवापावत देखत बसू? मांगनी बखत बी असंच व्हयनं व्हतं, सासरा बोलना डाग उशिरा दिधा, सकायमा दिधा असता तर पोऱ्या वाचता. आज मी उशीर करनार नही. सरका.

डॉक्टर : लोटनभाऊ, ठेवा ती खाली! तिनंच झालंय हे! नऊच्या नऊ जखमा त्या सळईनं झाल्यात, आणि उरलेला पाय माझ्या सुरीनं. या अंगाला आग चालत नाही, पोलाद चालत नाही, साधी सुई चालत नाही. तुम्ही बांध घालत नव्हता, दर खेपेला नवी जखम पेरत होता. आता पोटावर लावलीत तर शुक्रवार सोडा, उद्याची सकाळ दिसणार नाही तिला. कळलं?

शेवंता : डाक्टरसाहेब. तुम्ही गप बसनार व्हतात.

डॉक्टर : चुकलो, बाई.

लोटन : नऊच्या नऊ?

डॉक्टर : बसा. इथे टेका. तुमचा दोष नाही. कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, मी तर शिकलेला माणूस.

लोटन : नऊच्या नऊ, साहेब?

शेवंता : खोटं शे ते. त्यास्ले काय मालूम, ते जयगावना डाक्टर, डागमधलं त्यास्ले काय समजस? मी सांगस काब्र पिकना. इकडे देखा. माले तीन वरीसपाईन शौचले रगत पडस. मी कोनले सांगं नही. तुमले बी नही.

लोटन : रगत? तीन वरीस?

शेवंता : हा. दपाडं मी. तुम्ही डाग देवाना पहिले इचारं, काही दपाडेल नही ना. मी बोलनी, नही. नऊ बखत इचारं, नऊ बखत मी खोटं बोलनी. आगले खोटं चालत नही, तुमना बापच सांगे ना? डाग पिकनात ते मना खोटामुये. तुमना हात खरा शे. सळई बी खरी शे. मांडीवरला चट्टा शे ना तुमना.

लोटन : साहेब, रगतनं खरं शे का?

डॉक्टर : खरं आहे.

लोटन : आन् खोटं बोलनी म्हनीसन डाग पिकना, ते?

शेवंता : सांगा ना, डाक्टरसाहेब.

डॉक्टर : हो. तेही खरं असेल. तसं असतं, लोटनभाऊ. वैद्यापासून लपवलं की… असतं तसं.

लोटन : नही, साहेब. तसं नही.

डॉक्टर : मी सांगतोय ना. शपथेवर सांगतो, हवं तर.

लोटन : तुम्ही भला मानूस शेतस. पन तसं नही. गावना मानूसले मी तीन बखत इचारस. परगावना व्हयना तर चार बखत. पोऱ्यास्ले डाग देनं व्हयनं तर त्यास्नी मायले इचारस. हिले कोठे इचारं मी?

शेवंता : इचारं. तुमना ध्यानमा नही.

लोटन : मना ध्यानमा शे. घरनी बाई, तिले काय इचारनं. पाय पुढे कर बोलनू, तिनी कया. सळई तपाडी आन् लाई दिधी. नऊ बखत. एकदा बी इचारं नही. काब्र खोटं बोलस वं तू, उखर्डूनी माय?

शेवंता : मंग आते इचारा.

लोटन : आते काय इचारू?

शेवंता : दुखस का, म्हनीसन.

लोटन : …दुखस का?

शेवंता : हा. भलतं दुखस.